सारवलेलं घर

रीताने अंगणात मातीचं घर बांधायला घेतलं, तेव्हा बोरगाव मेघेतल्या शेजाऱ्यांना वाटलं, बाई कोंबड्या पाळणार. तिने कुणाला समजावलं नाही. शाळेत चित्रकला शिकवणारी, चाळिशी ओलांडलेली, भाड्याच्या खोल्यांत एकटी राहणारी बाई आणखी एक घर कशाला बांधते, हे सांगायचं तरी कसं? आत एक माणूस मांडी घालून बसेल, एवढंच ते घर. कच्च्या मातीचं उभारायचं, सावकाश सुकवायचं आणि आत जाळ करून जागच्या जागी भाजायचं, म्हणजे अख्खं घर मडक्यासारखं पक्कं होतं. निदान व्हायला हवं. याआधी दोन घरं जाळात फुटली होती, कारण माती आतून ओली राहिली होती.

निवारा याच विषयावरचं मोठं प्रदर्शन नागपुरात भरणार होतं. त्यासाठी कामं निवडणारे हेमराज शनिवारी संध्याकाळी घर पाहायला येणार होते. दोनदा त्यांनी मुदत वाढवून दिली होती. या वेळी भाजलेलं घर उभं दिसलं तरच रीताचं काम घेतलं जाणार होतं.

शुक्रवारी ती शाळेतून आली आणि अंगणातच थबकली. वडनेरहून आलेल्या आईने, वच्छलाबाईंनी, ते घर आतून शेणाने सारवून काढलं होतं. अगदी छतापर्यंत. थंडीत महत्प्रयासाने सुकलेल्या भिंती बादलीभर पाणी पिऊन बसल्या होत्या. रीताने बोट दाबलं, तर माती दबली.

"आई, हे काऊन केलं?"

"उद्या लोकं येऊन राह्यले न? बिनसारवल्या घरात कोनी कोनाले बलावते का?" वच्छलाबाई हात पुसत म्हणाल्या. "वडनेरले तुह्या भावानं फरशी लावली तवापासून माह्या हाताले कामच नाई. तिथं मी पाहुनीच झाली. आज किती दिवसानं वाटलं, हे आपलं घर हाय."

जिभेवर आलेले शब्द रीताने गिळले. संताप मात्र गिळला जात नव्हता. हेमराजांना फोन करावा असं तिच्या मनात आलं, पण तिसऱ्यांदा मुदत मागायची तिला लाज वाटली. ही लाज तिला फार महागात पडणार होती.

शनिवारी सकाळपासून तिने आत नुसत्या गोवऱ्यांची धग ठेवली. वाफ हळूहळू निघून जावी म्हणून ती जाळ वाढवेना. दुपारी भिंतीतून बारीक टकटक ऐकू यायला लागली. ओल अजून आत होती; दर आवाजाला ती एक गोवरी मागे ओढी. शेजारी बसून आई मोठ्या हौसेने गोवऱ्या हातात देत होती, आणि तिच्याकडे पाहायची रीताला हिंमत होत नव्हती.

हेमराज आले, खुर्चीवर बसले आणि सारखं घड्याळ पाहू लागले. अखेर रीताने लाकडं सारली. जाळ चढला. भिंती तांबूस दिसू लागल्या. आता निभावलं असं वाटतंय तोच मोठा धडाका झाला, मागची भिंत फुटून उडाली आणि छत आत बसलं.

वच्छलाबाई आपल्या हातांकडे पाहत होत्या.

हेमराज भले गृहस्थ. ते जवळ आले आणि म्हणाले, "तुमचा हात आता बसलाय, मॅडम. भिंतीला कुठून पाणी लागलं होतं का? तसं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी थांबेन. पण मातीच पुरती सुकली नसेल, तर या वेळी मला नाव घेता येणार नाही."

"माह्या सारवन्यानं त नाई न फुटलं, बाई?" आईने मागून हळूच विचारलं.

रीताला खरं बोलायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं.

"नाही, पाणी कुठून लागणार?" ती हेमराजांना म्हणाली. "मीच घाई केली."

त्यांनी मान हलवली, नमस्कार केला आणि ते गाडीत जाऊन बसले. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत रीता फाटकाशी उभी होती. तिला रडू येत होतं.

वच्छलाबाईंच्या जिवात मात्र जीव आला होता. त्या राखेजवळून उठल्या आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "होते असं. दुसरं बांधशीन तवा मले आधीच बलावजो. याच्याहून चांगलं सारवून देईन."

"येजो," रीता म्हणाली.