डाव्या हातांची बाई

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझा जळफळाट करायला देवानं एकच बाई घडवली, आणि नेमकी तीच बी.एड.च्या शेवटच्या सत्रात जोडीदारीण म्हणून माझ्या पदरात टाकली. शेवगाव तालुक्यातल्या एका शाळेत आम्हा दोघींना सराव पाठ घ्यायला पाठवलं होतं. मी श्रीगोंद्याची, ती जामखेडकडची. मी कडक इस्त्रीच्या साडीत, ती पदराला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून. मी पाठाचं टाचण आदल्या दिवशीच सुवाच्य लिहून ठेवणार, ती सकाळी एसटीत मांडीवर तक्ता पसरून हृदय रंगवणार आणि खड्डा आला की हृदयाला जादा कप्पा पाडणार. "ऱ्हाऊ दे गं, एखादा जास्तीचा आसला तर काय बिघडतंय?" हे वर मलाच! मी जीव ओतून थर्माकोलची पचनसंस्था केली होती. जठरात लाल दिवा, आतड्यात हिरवा. पोरांनी "भारी हाय बाई" म्हणत एकदा पाहिली आणि सगळी तिच्याकडं पळाली, कारण ती शेळीचं करडू घेऊन आली होती. माझी आतडी दिव्यांसकट जळाली.

आमच्या कॉलेजचा एक दंडक होता. पाठाचा विषय बाईनं सांगायचा नाही, प्रश्न विचारून विचारून तो पोरांच्याच तोंडून काढायचा आणि मग फळ्यावर लिहायचा. हिला एकदा 'घर्षण' काढायचं होतं. तिनं विचारलं, बैलगाडीच्या चाकाला वंगण का घालतात? झालं! एकाच्या आज्याची गाडी चढावर कशी अडकली ते सुरू झालं आणि ही बया टेबलावर बसून "मंग? मंग?" करत ऐकत राहिली. घंटा झाली तरी फळा कोरा. आमच्या कॉलेजच्या परीक्षक सरांनी शेऱ्यात लिहिलं, 'विषय शेवटपर्यंत आला नाही.' मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण व्हरांड्यात तेच सर तिला हळूच विचारत होते, "ती गाडी निघाली का हो शेवटी?" माझ्या पाठानंतर मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण सत्र संपत आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. "पुढच्या साली तासिकेवर सायन्सला एक बाई घ्यायचीय. तुमचे शेवटचे पाठ बघतो नि ठरवतो." माझ्या घरी तेव्हा स्थळं बघणं जोरात चाललं होतं. नोकरी लागली तर थांबू, असं वडिलांनी कबूल केलं होतं. ही एक जागा मला श्वासासारखी हवी होती, आणि समोर कोण, तर ही चिमटेवाली.

मी आठवीच्या वर्गाला जुनी युक्ती शिकवली. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. परीक्षकांना सगळा वर्ग हात वर करून बसलेला दिसतो, आणि बाईनं फक्त उजव्यांना उठवायचं. आमची तालीम तिनं दारातून पाहिली आणि काय चाललंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिचे डोळे चमकले. "अय्या, लई सोपं झालं की! कोन आडकलंय ते बसल्या जागी कळंल."

माझा पाठ दृष्ट लागण्यासारखा झाला. सगळे हात वर, सगळी उत्तरं बरोबर, दिवेही वेळेवर लागले. मधल्या सुट्टीनंतर त्याच वर्गावर तिचा पाठ होता, प्रकाशाचं परावर्तन. साहित्य काय, तर खिचडीची स्टीलची ताटं! हात वर झाले आणि ही बाई वेचून वेचून डाव्यांनाच उठवायला लागली. मागच्या बाकावर मला गुदगुल्या होत होत्या. कधी तोंड न उघडणारी एक मुलगी चाचरत म्हणाली, "बाई, उजेड ताटावर आपटून मरतो." ही म्हणाली, "मरतो व्हय? मंग सरांच्या नाकावर काय नाचतंय?" वर्ग खो खो हसला, परीक्षक सरही हसले. पण मुख्याध्यापकांनी मोजून पाहिलं तर चुकीची उत्तरं ढीगभर होती, आणि जागा मला मिळाली.

मला वाटलं, आता तरी हिचं तोंड उतरेल. कसलं काय! पेढा माझ्या तोंडात कोंबून म्हणाली, "तुझंच व्हायला पायजे हुतं. मला तर फळ्यावर सरळ लिव्हायला येत न्हाई." हरायचं तरी धड हरावं ना माणसानं! दुसऱ्या दिवशी ती करडाला भेटून जामखेडच्या एसटीत बसली.

आता मी त्याच शाळेत शिकवते. वडिलांनी शब्द पाळला. वर्गावर परीक्षक नसतात, आणि त्या युक्तीचं नावही मी पुन्हा काढलेलं नाही. पण मी प्रश्न विचारला की अजून डावे हातच आधी वर होतात, उत्साहानं. परवा ती 'उजेड मरतो' म्हणणारी मुलगी तर उभीच राहिली. "बाई, मला येत न्हाई. मला विचारा की!" विचारलं मी. न विचारून काय करणार? उत्तर द्यायच्या आधी तिनं एकदा दाराकडं पाहिलं, चिमटेवाल्या बाई तिथं उभ्या असाव्यात तसं. मेलं, मीही पाहिलं.