उपोषणातला दहीभात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवळात उभा राहून देवालासुद्धा नाही — तिथेही मी इकडचं तिकडचंच मागत आलो. आणि आता सांगतोय तेही बघा कसं — देवनागरीत. आमच्या घरात ही अक्षरं वाचता येणारा मी शेवटचा. वडिलांनी छडी घेऊन शिकवली होती. मुलगा तमिळ वाचतो, इंग्रजी वाचतो, घरातली मराठी त्याला समजते. पण हा कागद त्याच्या हातात पडला तरी त्याला त्यातली एक ओळ लागायची नाही. म्हणजे कबुली देतानासुद्धा मी आधी पळवाट शोधून ठेवली. माझा स्वभाव तुम्हाला इथेच कळावा.

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरं आहे. तंजावरात ओळखणारे पुष्कळ आहेत. ‘रायर’ म्हणतात मला — मराठा राजांच्या काळात इकडे आलेल्या आम्हा मराठी ब्राह्मणांना इथले लोक तेच म्हणतात. उपोषणाचे रायर. गावाबाहेर नवी नवी इंजिनियरिंग कॉलेजं निघाली तेव्हापासून मला तिथून बोलावणं येतं. विषय ठरलेला — कठीण काळातलं नेतृत्व. स्वतःला उभारी कशी द्यायची, दुसऱ्याला कशी द्यायची. मी जातो. शाल घेतो. बोलतो. मुलं टाळ्या वाजवतात, पुढच्या रांगेतल्या बाई डोळे टिपतात. काय बोलतो मी तिथे? सांगतो — पण आधी गिरणीचं सांगायला हवं.

आमची सूतगिरणी पापनाशमच्या रस्त्यावर होती. मी तिथे टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून. ते दिवस तुम्हाला आठवत असतील — देशाची दारं उघडली असं पेपरात रोज यायचं, आणि आमचं फाटक बंद झालं. जुन्या यंत्रांवर धागा काढणं परवडत नाही, असं मालकांनी सांगितलं. टाळं लागलं, पगार थांबला. युनियनमध्ये मी काही फार मोठा नव्हतो, पण मला बोलता यायचं. तमिळमध्ये मी बोलायला लागलो की माणसं आधी रडायची आणि मग मुठी आवळायची — एवढी एकच विद्या देवाने मला दिली. फाटकासमोर मांडव घातला. रोज संध्याकाळी मी बोलायचो. पण भाषणाने चूल पेटते का? माणसं पांगायला लागली, कुणी तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यांत गेलं, कुणी शेतावर. तेव्हा मीच आमरण उपोषणाचं काढलं.

पाच जण बसलो. तिघांना डॉक्टरांनी एकेक करून उठवलं. राहिलो मी आणि सरोजा.

सरोजा रीलिंग खात्यातली, सुताच्या लडी करणारी. पापनाशमहून बसने यायची. चाळिशीची, काटक, मोजकं बोलणारी. नवऱ्याला हॉटेलात कधी काम असायचं, कधी नसायचं. घर चालायचं ते तिच्या पगारावर, दोन मुली शाळेत होत्या. युनियनच्या कामात ती कधी पुढे आलेली नव्हती. एका संध्याकाळी माझं भाषण झालं आणि ती बायकांमधून उठली, म्हणाली, मीही बसते. माझं भाषण ऐकून उठली ती. दुसऱ्या कुणाचं नव्हे.

आता सांगतोच. मी जेवत होतो.

सुरुवातीला नाही हो. पहिले काही दिवस मी खरोखर उपाशी होतो. मग एकदा संध्याकाळी बोलायला उभा राहिलो आणि आवाजच फुटेना. लोक बघताहेत, तोंडातून शब्द नाही — मी घाबरलो. जिवाला नाही घाबरलो, ते सोंग मी आज आणणार नाही. बोलता येईना म्हणून घाबरलो. मग अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणालो की काहीतरी आण. स्वतःची समजूतही घातली. आवाज गेला तर लढा गेला. पुढारी टिकला तर माणसं टिकतील, तेव्हा खायचं ते त्यांच्यासाठीच. उपाशीपोटी हे अर्धवट पटलं होतं, जेवल्यावर पूर्ण पटलं.

फाटकासमोरच्या चहाच्या दुकानामागे युनियनची खोली होती, तिला लागून न्हाणीघर. उपोषणाला बसलेल्यांनी तिथे जाऊन हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे. अक्का रोज सकाळी गरम पाण्याचा फ्लास्क आणि धुतलेली वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, घेऊन यायची. वेष्टीच्या घडीत डबा. दहीभात, वर मोहरीची फोडणी. न्हाणीघराला आतून कडी लावून मी तो सावकाश खायचो. बाहेर लोक म्हणायचे, रायर ध्यान करतात.

आणि ही ठरवाठरव काही कानात कुजबुजून होत नव्हती. मांडवात, चारचौघांत, चांगली खणखणीत — मराठीत. त्या मांडवात मराठी कळणारं होतं कोण? अक्का समोर बसायची, पदर डोळ्यांना लावायची — रडू तिला खरंच यायचं — आणि म्हणायची, “बाळू, वेष्टीत ठेवलंय रे. उन्हं चढायच्या आधी खाऊन घे, आंबून जाईल.” मी दुःखाने मान हलवायचो. म्हणायचो, “काल मीठ जास्त झालं होतं, अक्का. आज कमी घातलंस की नाही?” लोकांना काय दिसायचं? बहीण उपास सोड म्हणून विनवते आहे, भाऊ ऐकत नाही. बायका हुंदके द्यायच्या. एका संध्याकाळी तर मी त्यावरच बोललो — माझी बहीण रोज माझ्यापुढे रडते, पण तुमच्या चुली पेटल्याशिवाय माझ्या तोंडात घास जाणार नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. मी तर कोरडाही नव्हतो. कॉलेजात मी हाच प्रसंग सांगतो. बहिणीचा. टाळ्या इथेच पडतात.

सरोजा माझ्या शेजारी, हातभर अंतरावर बसलेली असायची. अक्का आली की ती तोंड फिरवून रस्त्याकडे बघायची. मला वाटायचं, हिला अक्काचं रडणं बघवत नाही.

ती पाणीसुद्धा बेताचं प्यायची. का? बाईमाणूस. लघवीला जायचं तरी ते एकच न्हाणीघर, आणि तिथे मी कडी लावून बसलेलो. लोकांसमोर दारात ताटकळत उभं राहायला नको म्हणून ती तहान मारायची. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकतो. पण दाराबाहेर तिच्या चपला एक-दोनदा मी पाहिल्या होत्या, आणि तरी घास चावून चावूनच खाल्ला होता.

एका दुपारी ती बसल्या जागी कलंडली. मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. मूत्रपिंडांना धक्का बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. बातमी पसरली, रस्ता अडला, अधिकारी धावत आले, आश्वासनं दिली. मी लिंबाचं सरबत घेतलं — पेला धरताना हात थरथरवला — आणि उपोषण संपलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. म्हणाले, जिंकलो. पुढाऱ्याच्या शब्दावर एका बाईने जीव पणाला लावला होता, आणि खांद्यावर कोण होतं?

दुसऱ्या दिवशी मी तिला भेटायला गेलो. सोबत माणसं, हार. तिच्या अंगावर सूज होती. सगळे तमिळमध्ये तिची वाहवा करत होते. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकलो. आणि ती हळूच म्हणाली — मराठीत — “भिऊ नका, अण्णा. मी कोणास सांगत नाही. कळलं तर लोक उठून जातील.”

मग म्हणाली, “बोलाय येत नाही नीट. समजतं. आमची आजी बोलायची.” तिचे पूर्वजही आमच्यासारखेच राजांच्या काळात इकडे आलेले. घरात भाषा विरत गेली, तमिळ उरली. गिरणीत कुणालाच, मलाही, ठाऊक नव्हतं. म्हणजे मिठाचं तिने ऐकलं होतं. डब्याचं ऐकलं होतं. ऐकून, शेजारी दहीभात खाणारा माणूस बसलेला असताना, ती उपाशी राहिली होती. दोघांपैकी एकाने तरी उपोषण करायलाच हवं होतं, आणि ते तिने केलं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. खादाडपणाला लोक क्षमा करतात. पण मी लिहायला बसलो ते दहीभातासाठी नव्हे.

काही आठवड्यांनी मालक तयार झाले — सगळी गिरणी नाही, एक शेड, तीही कंत्राटावर, थोडी माणसं घेऊन. कोणती घ्यायची ते युनियनने सांगावं. युनियन म्हणजे मी. अधिकाऱ्याच्या टेबलापाशी बसून मी नावं सांगत गेलो. पहिलं नाव सरोजाचं येणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिला ते काम हवं होतं. तिचं घर त्याच्यावर होतं. मी म्हणालो, तिच्या प्रकृतीला झेपणार नाही. तिच्यासाठी आपण वेगळं काहीतरी करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. रायरांचं मन किती मोठं, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. वेगळं काहीतरी म्हणजे पुढे एक सत्कार झाला, बस्स.

का केलं मी हे? चोराच्या मनात चांदणं. ती रोज फाटकातून आत येणार, टाइम ऑफिसच्या खिडकीसमोर उभी राहणार, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघणार. ते मला नको होतं. तिच्या दोन मुली, तिचा पगार, तिचं दुखणं — हे सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्यात माझी रोजची एक घटकाभरची लाज. लाज जड झाली.

झेपणार नाही म्हणालो ना मी? ती मग भाताच्या गिरणीत लागली. उकडलेलं भात अंगणात, उन्हात, पायांनी पसरायचं. रीलिंगच्या दुप्पट कष्टाचं काम. थोरलीची शाळा सुटली, तीही आईबरोबर जायला लागली. काही वर्षांनी सरोजा गेली, त्याच दुखण्याने. आमची शेड त्याच्या आधीच बंद पडली होती, यंत्रं भंगारात गेली होती. म्हणजे मी ज्यांची नावं सांगितली त्यांचंही काही भलं झालं नाही. तिच्या दारात माणसं जमली तेव्हा मला बोलायला सांगितलं. मी बोललो. लोक रडले. तिच्या मुलीही रडल्या, आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला.

अजून एक उरलंय. शेड उघडली त्या सकाळचं. फाटकाशी गर्दी होती. घेतलेली माणसं आत जात होती, न घेतलेली बाजूला उभी होती. त्यांत सरोजा होती. पापनाशमहून पहिल्या बसने आली असणार. काही चूक झाली असेल, आपलं नाव असेल, असं वाटून आली असेल. मी फाटकातून जाताना ती पुढे झाली. रागावली नव्हती. शब्द जुळवत, अडखळत, मराठीत तिने विचारलं, “मी सांगितलं असतं का, अण्णा?”

नसतं सांगितलं. मला ते ठाऊक होतं. नाव गाळलं तेव्हाही ठाऊक होतं.

आजूबाजूला माणसं होती. मी तिला तमिळमध्ये म्हणालो, प्रकृतीला जप, आणि आत गेलो.