एटीएमसमोरच्या आजी

मंडळी, आज मी एका बाईंना फार वाईट बोलले. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून लिहिते.

सकाळी कोथरूडला एटीएमच्या रांगेत माझ्यामागे एक आजी होत्या. हातात निराधार पेन्शनचं कार्ड आणि पिन लिहिलेली चिठ्ठी. म्हणाल्या, "ताई, तेवढे पैसे काढून द्या ना. मुलगा गावाला गेलाय आणि बीपीच्या गोळ्या संपल्यात."

मी मागेच सरले. "अहो आजी, पिन कुणाला दाखवायचा नसतो. समोर एवढं मोठं लिहिलंय, वाचता येत नाही का?"

त्या कसनुसं हसल्या. "नाही हो येत." चिठ्ठी कनवटीला खोचून निघून गेल्या.

मी पैसे काढून बाहेर आले, तोवर त्या बसमध्ये चढल्या होत्या. बस सुटली.

मला तरी कुठे येत होतं? बँकेचं सगळं हेच बघायचे. हे गेल्यावर याच मशीनसमोर मी रडकुंडीला आले होते. एका अनोळखी बाईंनी एकेक बटण दाखवलं आणि मी पिन टाकताना मान वळवली. अक्षरं मी त्यानंतर शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत.

मान वळवायला मला काय झालं होतं?

उद्या त्याच वेळी मी तिथे उभी असेन. आजींचं हिरवं नऊवारी लुगडं, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा. तुमच्यापैकी कुणाला भेटल्या, तर आधी त्यांना गोळ्या घेऊन द्याल का? मला नंतर बोला.