ईश्वरीचा मामा

गोटीरामच्या गळ्यात तीन साखळ्या, मनगटात जाडजूड कडं, आणि अंगठी नसलेलं बोट शोधावं लागायचं. कोपरखैरणे गावात त्याची चार मजली इमारत, दारात पांढरी गाडी. आवाज असा की शेजारच्या गल्लीला फुकटात बातम्या मिळाव्यात. साताऱ्याहून आलेली अरुणा त्याची जुनी भाडेकरू. तिला या थाटाची मनातून लाज वाटायची.

अरुणाचा नवरा आजारी पडला तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र रात्र बसला तो हाच गोटीराम. नवरा गेल्यावर लहानग्या लेकीला, ईश्वरीला, शाळेतून आणून जेवू घातलं ते त्याच्या बायकोने, काशीने. पण रोजचा आधार माणसाच्या डोळ्यांत भरत नाही. अरुणाच्या डोळ्यांत भरायचा तो तिचा सख्खा भाऊ प्रसाद. नेरूळला ऐसपैस फ्लॅट, कंपनीत मोठा साहेब. ईश्वरीच्या लग्नात मामा म्हणून तोच तिच्या पाठीशी उभा राहणार, हे व्याह्यांना दहादा ऐकवून झालं होतं. गोटीरामला मात्र आदल्या दिवशी ती हळूच म्हणाली, “शेठ, पाहुणे शिकलेले आहेत. जरा साधेच या हं.”

अंतरपाट धरला आणि अरुणाला प्रसादचा फोन आला. वरचे साहेब आलेत, निघता येत नाही, तुम्ही उरकून घ्या. इकडे भटजी “मामा कुठायत, मामा?” म्हणून घसा कोरडा करत होते, आणि बोहल्यावर पोरीच्या पाठीशी कुणी नव्हतं.

शेवटच्या रांगेतून गोटीराम उठून आला. “ताय, मामा नाय आला तं काय झाला? मी हाय ना!” मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, “साखल्या आत घातल्यान. कोनाला दिसाच्या नाय.”

एवढ्या उकाड्यात त्याने शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणही लावलं होतं. मानेवरून घाम ओघळत होता. हा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे अरुणाला पहिल्यांदाच कळलं. आपण काल काय बोलून बसलो, तेही कळलं.

“ते बटण उघडा आधी,” ती म्हणाली. भावासाठी आणलेला फेटा तिने आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवला.

अक्षता पडल्या. पोरीच्या पाठीशी उभा राहून गोटीराम ढसाढसा रडला, आणि साखळ्या सगळ्या मांडवाला दिसल्या.

जेवताना विहीणबाईंनी विचारलं, “हेच का तुमचे ते मोठे साहेब?”

“नाही,” अरुणा म्हणाली. “ते आले नाहीत. हा माझा भाऊ.”