रंगाला शुद्ध हवा

गाडीच्या नाकाडोळ्यांना आमच्या साडभाऊंइतकं जपणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात झाला नाही, आणि स्वतःच्या नाकाशी त्यांच्याइतकं वैरही कोणी धरलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. तिरोडा रोडवर त्यांचं मोटारी रंगवायचं दुकान होतं. फवारणीआधी काचा, दिवे, कड्या ते जुन्या पेपरांत अशा गुंडाळायचे, जसं बाळंतिणीनं बाळाला गुंडाळावं. स्वतः मात्र तोंडाला ओला दुपट्टा बांधून उभे. हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं जहाल रसायन, घातलेल्या रंगाचा फवारा त्यातून खुशाल आत जायचा. काम झालं की गुळाचा खडा चघळायचा. गुळानं छाती धुऊन निघते, हा त्यांचा सिद्धांत. घरी येऊन खोकायचे आणि "थंडी बाधून राहिली" म्हणायचे. भर मे महिन्यात!

शेवटी मी नागपूरहून विषारी वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या लावलेला मास्क आणून दिला. आठवड्यानं पाहतो, तर साहेबांनी त्यातल्या डब्या काढून रंगाच्या गनला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरच्या हवा ओढायच्या तोंडाला तारेनं बांधलेल्या!

"भाऊजी, हे काऊन?"

"हवेत धूळ रायते ना भाऊ. रंगात एक कण गेला तं गिऱ्हाईक गाडी वापस आणते."

"अन् तुमच्या छातीत गेला तं?"

"छाती कोन पाहून राहिलं?"

हा किस्सा मी नात्यातल्या प्रत्येक लग्नात सांगितला. तेही हसायचे, हसता हसता खोकायचे, आणि त्यावर आम्ही आणखी हसायचो. आज ते आठवलं की माझी मलाच चीड येते. किस्से सांगत फिरण्यापेक्षा दुसरा मास्क आणून मीच त्यांच्या तोंडावर बांधायला हवा होता.

एक दिवस बंपर रंगवताना त्यांना श्वासच मिळेना. डॉक्टर म्हणाले, हार्डनरनं फुप्फुसं कायमची बिथरली. आता त्याचा जरासा अंशही जिवावर बेतेल. दुकान दुसऱ्याला दिलं. तेव्हापासून ते मुर्री गावातल्या घरी अंगणात बसून असतात.

परवा मी गाडी घेऊन गेलो. दार त्याच दिवशी रंगवून आणलं होतं, हे माझ्या ध्यानातही राहिलं नाही. त्यांनी दुरूनच ओळखलं. "ओघळ आले. गन लई जवळ धरली त्यानं," म्हणत हात पुढे करून निघाले, तोच ताईंनी त्यांचा दंड धरला. "ताजा रंग हाय. कायले जाता?"

ते थांबले. पुढे केलेला हात त्यांनी हळूच मागे घेतला.

"वाळला की आणजा भाऊ," ते म्हणाले, "एकदा हात फिरवून पाहीन."