उलट फिरणारा भोवरा

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात जगदेव सुताराची थाळी प्रसिद्ध होती. जेवायची थाळी नव्हे हो. आंब्याच्या जाड फळीची, मधे खोलगट कोरलेली, स्टुलावर मांडायची. दोघांनी तीत एकदम भोवरे सोडायचे. ते गरगरत खोलात उतरायचे, एकमेकांना धडकायचे, आणि ज्याचा आधी आडवा होईल तो हरला. जगदेवचा ठराव साधा होता: माझा भोवरा पाडा, एक भोवरा फुकट न्या. पण पाडणार कोण! हरलेला गडी इरेला पेटायचा आणि पुढच्या बाजाराला जिंकायचं म्हणून भोवरा विकत घेऊन जायचा. शेजारच्या दुकानात दिवे लागणारे प्लास्टिकचे भोवरे आले तरी थाळीभोवतीची गर्दी हटली नाही. ती टक्कर प्लास्टिकला कुठून येणार?

भोवरे घरच्या खरादावर, लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, होत. जगदेव पटाशी धरायचा आणि बायको भागिरथा समोर बसून पट्टा ओढायची, तोही डाव्या हाताने, कारण ती डावखुरी. सासूने त्यावरून वर्षभर टोमणे मारले आणि शेवटी थकून नाद सोडला.

दोन वर्षांपूर्वी जगदेवला लकवा मारला. उजवा हात गेला, खराद बंद पडला. उरलेसुरले भोवरे एका पोत्यात भरून कोपऱ्यात गेले. हाताच्या कामावर जगलेला माणूस, त्याला आता स्वतःचाच वीट आला. बाजेवर पडून आढ्याकडे बघत राहायचा. एक दिवस भागिरथेने थाळी खाली काढली.

"उठा जी. खेळा माह्यासंगं."

"कोन्त्या हातानं?"

"एक हाय ना अजून."

दोरी ती गुंडाळून द्यायची, भोवरा तो डाव्या हाताने फेकायचा. आधी थाळीबाहेरच पडे. मग थाळीत पडू लागला. मग तिच्या भोवऱ्याला धडक देऊन पाडू लागला. सहा महिन्यांत तो तिला दहातल्या आठ वेळा हरवू लागला. हात गेला तर गेला, थाळीवरचं नाव तरी राहील, या एका आशेवर गडी उठून बसला. "पुढच्या बाजाराले थाळी मांडतो," म्हणाला.

मांडली. पहिला आला पवन, कटिंगच्या दुकानातला. दोघांनी भोवरे सोडले. ते खोलात उतरले, जवळ आले, आणि टक्कर झालीच नाही! पंगतीत दोन जावा एकमेकींना वाट देतात तसे एकमेकांना चाटून निघून गेले.

"हे लढून नाही राह्यले, गळाभेट घेऊन राह्यले!" पवन ओरडला. लोक खो खो हसले. तेवढ्यात जगदेवचा भोवरा डगमगून आडवा झाला.

जगदेवच्या तेव्हा लक्षात आलं. डाव्या हाताचा भोवरा उलटा फिरतो. दोन्ही एकाच दिशेने फिरले तरच एकमेकांना धक्का देतात. घरी दोघंही डाव्या हाताने फेकत, म्हणून टक्कर व्हायची. जन्मभर भोवरे केले आणि एवढं सुचलं नाही! त्याला स्वतःचा असा राग आला की बस. टक्कर नाही म्हटल्यावर उरतं ते नुसतं टिकून फिरणं, आणि तेवढा जोर त्या हातात कुठला?

जगदेव हरतोय म्हणताच रांग लागली. जन्मात भोवरा विकत न घेतलेलेही आले. पोतं उतरू लागलं.

"पुरे करा जी," भागिरथा हळूच म्हणाली. "हे भवरे आता पुन्हा होत नाहीत."

"बोललो ते बोललो."

मग तांड्यावरचा रामसिंग आला. वीस वर्षं जीपने येऊन तो या थाळीवर हरत होता आणि दर वेळी तणतणत जात होता. त्याला पाहून जगदेवला बरंच वाटलं. हरायचंच तर याच्याकडून हरावं.

"ये रामसिंग. आज तुया दिवस हाय."

रामसिंग त्या लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने दोरी गुंडाळली आणि भोवरा फेकला. चार गिरक्या घेऊन तो लुडकला. जगदेवचा फिरतच होता.

"तुमच्यापुढं नाही टिकत आपलं, जगदेवभाऊ," म्हणत रामसिंग मान खाली घालून निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जगदेवने त्याची बोटं पाहिली होती. एरवी हा गडी दोरी अशी आवळायचा की बोटांची पेरं पांढरी पडत. आज वेढ्यांमधून बोट गेलं असतं.

"त्यानं ढिली गुंडाळली ना वं?" त्याने बायकोला विचारलं.

भागिरथा पोत्याचं तोंड बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. "नाही जी. कसून गुंडाळली व्हती. तुमीच जितले."

सकाळपासून इतक्यांनी हरवलं, ते त्याने सोसलं होतं. हे सोसेना. घरी सहा महिने ती तरी खरं खेळली होती का, हे ओठांवर आलं होतं. पण विचारायची त्याची हिंमत झाली नाही.