नानांचं खाकरणं

माझे सासरे, नाना, खाकरल्याशिवाय स्वयंपाकघराच्या दारात येत नसत. सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून! अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. तिथे म्हणे स्वतःच्याच केबिनमध्येही खाकरून शिरायचे. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरात आम्ही दोघं दाराआडूनच बोलायचो. "चहा झाला असेल तर..." एवढंच ते म्हणायचे, पुढचं मी समजून घ्यायचं.

मग त्यांना एएलएस झाला. डोकं शाबूत, पण स्नायू एकेक करून निकामी. हात गेले, वाचा गेली, पुढे खोकण्याचीही ताकद गेली. घशात साठलेला कफ मशीनच्या नळीने ओढून काढावा लागे. ते माझा नवरा शिकला होता. तो कामावर गेला, की मी दाराशी घुटमळायची आणि नाना भिंतीकडे बघत पडून राहायचे. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डोळ्यांनी चालणारा कॉम्प्युटर होता त्यांच्यापुढे. नुसत्या नजरेने त्याची घंटी वाजवता येई. एका दुपारी कफ अडकून चेहरा काळानिळा पडला, तरी त्यांनी ती वाजवली नाही. व्यायाम करून घ्यायला उल्हासनगरहून येणारी कविता नेमकी तेव्हाच पोचली, म्हणून निभावलं. कफ काढून झाल्यावर तिने आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं. "भाभी, तुम्ही असे शरमत बसलात ना, तो अंकल का दम घुट जाएगा!" मान खाली घालून मी नळी धरायला शिकले.

दुसऱ्या दिवशी नानांनी नजरेने एकेक अक्षर वेचत वाक्य जुळवलं. यंत्र कोरड्या आवाजात बोललं, "पदर खोच. नळीत अडकेल."

त्यानंतर मात्र आम्ही भरपूर बोललो. पोटातल्या नळीने जेवणारा हा माणूस आतल्या खोलीतून कळवायचा, "फोडणी करपली." चाकांच्या खुर्चीतून शिवमंदिराकडे नेलं, तेव्हा कुणी बाई त्यांच्यादेखत हळहळली. नानांचं यंत्र म्हणालं, "कान चांगले आहेत माझे." बाई चपापली. मला इतकं हसू आलं, की खुर्ची थांबवावी लागली.

अंघोळ, मालीश, कूस बदलणं, पुढे सगळं मीच करायची. त्यांची नजर आता भिंतीकडे वळत नसे.

गेल्या श्रावणात ते गेले. शेवटची अंघोळ घालायला पुरुष मंडळी जमली. चुलत दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा बाहेर थांबा. सासरे आहेत ना ते, बरं नाही दिसत."

आणि मी मुकाट्याने बाहेर गेले. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. त्यांची डावी टाच सोलवटलीय, तिथे हलक्या हाताने घ्या, एवढंसुद्धा माझ्याच्याने सांगवलं नाही. चारचौघांत लाज वाटली. त्या लाजेचीच आता लाज वाटते.